ओळखपरेड

फौजदारी तपासात ओळखपरेड म्हणून जो एक विधी असतो, त्यात संशयितास त्याच्याच वयाच्या, वर्णाच्या आणि बांध्याच्या पाच-सहा इसमांसमवेत रांगेत उभे करतात, आणि फिर्यादीने पंचांसमक्ष त्या रांगेवरून दृष्टी फिरवून एकाच्या खांद्यावर हात ठेवीत ‘हाच तो’ असे म्हणावे, एवढीच सरकारची त्याच्याकडून अपेक्षा असते. इंग्लंडातील ओक वृक्षांच्या रानात, ऑक्टोबर महिन्यातील एखाद्या ओलसर सकाळी, पाचोळ्याखालून डोके वर काढणाऱ्या दुधाळ अळंब्यांची अशी परेड घेण्याचा प्रसंग ज्याच्यावर येईल, त्या फिर्यादीची मात्र फार केविलवाणी अवस्था होते. कारण या रांगेतील बहुतेक इसम तांबूस तपकिरी वर्णाचे, मध्यम उंचीचे, टोपीच्या मध्यभागी किंचित खोलगट, आणि ज्यावरून निश्चय करता यावा असा तीळ, व्रण किंवा गोंदण यांपैकी कोणाच्याही अंगावर काही नाही.

कुळाची खूण पटविणे सोपे आहे, आणि या सोपेपणानेच नवशिक्यांचा घात होतो. टोपीच्या खालच्या अंगास जे पातळ पडदे दाटीने लोंबत असतात, त्यांवर नखाने ओरखडा काढला की चीक थेंबाथेंबाने पाझरू लागतो. देठ वाकवू गेल्यास तो इतर अळंब्यांप्रमाणे तंतू तंतू होऊन न चिरता कट्कन मोडतो, कारण त्याच्या मांसात लांब तंतूंच्या जोडीला गोल पेशींचे पुंजके ठासून भरलेले असतात. या चिकाच्या लक्षणावरून 1797 साली क्रिस्तियान हेंड्रिक पर्सून याने लॅक्टेरियस हे कूळ दप्तरी दाखल केले. हा पर्सून केप ऑफ गुड होप येथे जन्मला, जर्मनीत शिकला आणि पॅरिसमध्ये दारिद्र्यात राहून त्याने अळंब्यांच्या शास्त्राचा पाया घातला. उत्तरायुष्यात वाळविलेल्या नमुन्यांचा आपला सारा संग्रह त्याने डच सरकारच्या स्वाधीन केला आणि त्या बदल्यात तनखा पदरात पाडून घेतला, यावरून या शास्त्रात अर्थप्राप्तीचा मार्ग किती काळ वाट पाहिल्यावर उघडतो, हे ध्यानी यावे. तात्पर्य, चीक दिसला की आडनाव कळते. परंतु सदाशिव पेठेत उभे राहून ‘जोशी कोठे राहतात हो?’ असे विचारणाऱ्या परगावच्या पाहुण्यास जितका उपयोग आडनावाचा होतो, तितकाच तो येथे होतो. ब्रिटनच्या रानांत या आडनावाची कित्येक डझन बिऱ्हाडे आहेत.

इंग्रज मनुष्याने या तपासाला सामाजिक विधीचे स्वरूप दिले आहे. 1868 साली हेरफर्ड येथील वूलहोप निसर्गप्रेमी मंडळाने, डॉक्टर हेन्री ग्रेव्ह्ज बुल यांच्या पुढाकाराने, अळंब्यांच्या शोधार्थ एक जाहीर वनस्वारी काढली, आणि अशा स्वारीची सांगता मेजवानीने व्हावी असा पायंडा पडला. ज्या मंडळींनी दिवसभर एकमेकांच्या निदानावर शंका घेतल्या, तीच मंडळी सायंकाळी त्या निदानांची भाजी करून निर्धास्तपणे सेवन करीत, हे त्या काळच्या इंग्रजांच्या परस्परविश्वासाचे दर्शक मानावयाचे की त्यांच्या साहसाचे, याचा निर्णय इतिहासकारांनी करावा. पुढे 1896 साली सेल्बी येथे ब्रिटिश मायकॉलॉजिकल सोसायटी स्थापन झाली, आणि आज त्या देशात असा परगणा क्वचितच असेल, जेथे शरद ऋतूत रविवारी सकाळी जलरोधक कोट घातलेली, गळ्यात भिंग आणि हातात वेताची परडी घेतलेली, काही सेवानिवृत्त मंडळी झाडांच्या मुळांशी गुडघे टेकून बसलेली आढळणार नाहीत. लंडनच्या ईशान्येस पसरलेल्या एपिंगच्या रानात तर अळंबी खुडण्यास परवानगीवाचून मनाई आहे. 1878 च्या कायद्याने ते रान लंडन नगरीच्या कॉर्पोरेशनच्या अखत्यारीत आले, आणि मुद्देमाल जप्त करण्याचा अधिकार तेव्हापासून तिच्याकडे आहे. साध्या नागरिकाने केवळ पंचनामा करावा आणि चालते व्हावे.

पंचनाम्याची पहिली जबानी दुधाची. ते कोणत्या रंगाचे आहे, आणि हवा लागल्यावर कोणत्या रंगाचे होते, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर निम्मे निदान अवलंबून असते, आणि निसर्गाने काही बिऱ्हाडांच्या बाबतीत या कामी मोठी उदार बुद्धी दाखविली आहे. पाइनखाली उगवणाऱ्या डेलिसिओसस या प्रकाराचा चीक गाजराच्या रंगाचा असतो. बार्सिलोनाच्या बाजारात तो मोठ्या मानाने विकला जातो, आणि तो यथेच्छ खाणाऱ्याच्या लघवीस दुसऱ्या दिवशी तांबूस रंग येतो, ही वार्ता ज्यास आधी कोणी सांगितलेली नसते तो इसम सकाळी न्याहारी टाकून डॉक्टरांच्या दारात उभा राहतो. अमेरिका आणि मेक्सिको येथील इंडिगो प्रकाराचा चीक तर चक्क निळा असतो. दुसऱ्या कोणाचे पांढरे दूध जांभळे होते, तिसऱ्याचे गुलाबी, बीच वृक्षाखालच्या एका बुळबुळीत इसमाचे सुकता सुकता करडे-हिरवे. हे सर्व सज्जन होत. ते स्वतः होऊन नाव, गाव आणि वडिलांचे नाव सांगतात. प्रश्न येतो तो तपकिरी जमातीचा. यांचे दूध पांढरे असते आणि बहुधा पांढरेच राहते; आणि ज्यांचे राहत नाही, त्यांतील काहींचे पालटणे इतके सूक्ष्म असते, की शास्त्राने त्यासाठी पांढऱ्या हातरुमालाची अट घातली आहे. टॅबिडस नामक प्रकाराचा चीक अळंब्यावर असताना पांढराच दिसतो, परंतु रुमालावर टिपून काही क्षण थांबल्यास पिवळा पडतो. म्हणून एखादा भारदस्त गृहस्थ रानाच्या मध्यभागी एका हातात रुमाल आणि दुसऱ्या हातात घड्याळ धरून निश्चल उभा असलेला दिसला, तर त्यास काही व्याधी झाली आहे असा तर्क न करता, तो एका अळंब्याच्या उत्तराची वाट पाहत आहे, असे समजावे. त्याच्या घरी रुमाल धुणाऱ्या व्यक्तीचे या शास्त्रासंबंधी काय मत आहे, हे कोणत्याही ग्रंथात नमूद नाही.

दुधाने निकाल लागला नाही म्हणजे नाकाला पाचारण होते, आणि येथून पुढे हा विषय मराठी मनुष्याच्या आटोक्यात येतो. इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांचे कर्ते रंग आणि आकार यांच्या वर्णनात अत्यंत काटेकोर असतात. टोपीचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतील, पडद्यांची दाटी सांगतील, देठाचा खालचा भाग वरच्यापेक्षा किती गडद हेही सांगतील. परंतु वासाच्या प्रकरणास हात घालताच हे काटेकोर गृहस्थ सैल सुटतात. कॅम्फोरेटस हे अळंबे वाळले म्हणजे त्यास ‘करी’चा वास येतो, असे ते लिहितात, आणि त्यावरून त्यांनी त्याचे चालू इंग्रजी नावही ‘करी मिल्ककॅप’ असे ठेवले आहे. आता ज्या मुलखात गोडा मसाला, काळा मसाला, कांदा-लसूण मसाला आणि मालवणी मसाला यांच्या सीमा घराघरांतून निश्चित झालेल्या असून त्या ओलांडणाऱ्या सुनेस जन्मभर टोमणे ऐकावे लागतात, त्या मुलखातील नाकास ‘करी’ एवढा मोघम शेरा कसा पटावा? तो वास ज्या पिवळ्या पुडीचा आहे ती पुडी विलायतेतल्या डब्यात जन्मली, आणि तिच्यातून उठून येणारा मुख्य वास मेथीचा असतो. पुस्तककर्त्याने सरळ मेथी म्हटले असते तर तंटा मिटला असता. परंतु मेथीचे नाव त्यांनी हेल्वस नामक दुसऱ्याच प्रकाराला देऊन ठेवले आहे, ज्याला जर्मन लोक मॅगी अळंबे म्हणतात. ही मॅगी म्हणजे आपल्याकडील शेवया नव्हेत, सूपमध्ये घालावयाचा काळा अर्क होय.

नारळाच्या बाबतीत तर अन्यायाची परिसीमा आहे. बर्चखाली उगवणाऱ्या ग्लायसिओस्मस या फिकट, करड्या-लालसर अळंब्यास ‘खोबऱ्याचा’ वास येतो, असे सर्व ग्रंथ एकमुखाने सांगतात. कोकणातील मनुष्याने हे वाक्य वाचले की तो पुस्तक मिटून विचारतो, ‘कोणत्या?’ शहाळ्याच्या मलईचा वास वेगळा, नुकत्या खवलेल्या ओल्या नारळाचा वेगळा, डब्यातील सुक्या वाटीचा वेगळा, पावसाळ्यात खवट झालेल्या तुकड्याचा वेगळा, आणि डोक्यास चोपडलेल्या खोबरेल तेलाचा तर अगदीच वेगळा; यांपैकी एकाचीही साक्ष दुसऱ्याच्या जागी कोणतेही न्यायासन ग्राह्य धरणार नाही. प्रत्यक्ष अळंबे नाकाशी धरल्यावर असे दिसून येते, की तो वास पुडीतल्या कोरड्या खोबऱ्याच्या किसाचा आहे, जो इंग्रज गृहिणी केकवर भुरभुरविते आणि ज्याला आपल्याकडे नाइलाजाचे खोबरे म्हणतील. याच धर्तीवर, पूर्वी याच घराण्यात असलेल्या व्होलेमस नामक अळंब्यास मासळीचा वास येतो असे म्हणतात, काही जण त्यास शिजविलेल्या खेकड्याचा म्हणतात. आणि मासळी व कुर्ल्या यांच्या वासांत फरक न करू शकणाऱ्या माणसाच्या निदानावर मालवणात कोणी पाव आण्याची पैज लावणार नाही.

परंतु नाकाची खरी कसोटी ज्या इसमाच्या बाबतीत लागते, आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो क्वायटस होय. ओकखाली ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत विपुल उगवणारा, टोपीवर अस्पष्ट वर्तुळे असलेला, किंचित पिवळट झाक असलेल्या दुधाचा हा प्रकार. त्याचे इंग्रजी नाव ‘ओकबग मिल्ककॅप’ असे असून त्याचा वास तेलकट, आणि अधिक स्पष्ट बोलावयाचे तर ढेकणाचा असतो. या ठिकाणी इंग्रज नवशिक्याची मोठी अडचण होते. युद्धोत्तर काळात डी.डी.टी.ने त्या देशातील ढेकणांचा बंदोबस्त केल्यामुळे, पुढील दोन पिढ्यांना ढेकूण ही वस्तू केवळ ग्रंथांतून परिचित राहिली, आणि ज्याला ढेकणाचा वासच ठाऊक नाही त्याला ‘ढेकणासारखा वास’ हे लक्षण सांगणे म्हणजे अज्ञाताची अज्ञाताने ओळख करून देणे. ही मंडळी क्वायटस नाकाशी धरतात, भुवया उंचावतात, ‘तेलकट खरा’ असे पुटपुटतात, आणि अळंबे शेजाऱ्याच्या हाती देतात. याच्या उलट, गिरगावातील चाळीत ज्याने बालपण काढले, पॅसेंजर गाडीच्या लाकडी बाकावर ज्याने रात्री जागविल्या, आणि चित्रपटगृहाच्या खुर्चीत नायिकेच्या अश्रूंपेक्षा स्वतःच्या मांडीकडे ज्याला अधिक लक्ष द्यावे लागले, त्या जुन्या पिढीतील मराठी गृहस्थास पुस्तक उघडण्याची गरज नाही. एपिंगच्या रानात त्याने ते अळंबे हाती घ्यावे, एकदाच हुंगावे, आणि विनातक्रार निकाल द्यावा. ज्ञान कोठे, कशाच्या उपयोगी पडेल, याचा नेम नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून विलायतेत ढेकूण पुन्हा येऊ लागले आहेत, त्यामुळे स्थानिक अभ्यासकांचीही या बाबतीत काही सोय होईल, अशी आशा आहे.

मेथीच्या वासाचे गूढ मात्र रसायनशास्त्रज्ञांनी उकलले आहे. कॅलिफोर्नियात कँडी कॅप नावाचे एक लहान दुधाळ अळंबे मिळते, जे ताजे असताना जवळजवळ वासहीन असून वाळल्यावर त्यास मेपलच्या पाकाचा इतका दाट वास येतो, की तिकडील लोक त्याचे आइस्क्रीम करतात. त्याच्या अंगी असलेले एक द्रव्य वाळताना पाण्याच्या योगाने पालटते आणि त्यातून सोटोलॉन उत्पन्न होते, असे 2012 साली प्रसिद्ध झाले. आणि हेच सोटोलॉन मेथीच्या दाण्यात असते. म्हणजे ज्या वासाला अमेरिकन मनुष्य न्याहारीच्या गोड पाकाचा म्हणतो, तोच आपल्याकडे बाळंतिणीच्या लाडवाचा. एकाच साक्षीदाराच्या दोन जबान्या, आणि दोन्ही खऱ्या.

नाकानंतर जीभ. येथे वाचकास प्रथमच बजावून सांगितले पाहिजे, की अनोळखी अळंब्याचा तुकडा तोंडात घालण्याचा अधिकार फक्त त्यास आहे, ज्याने त्याचे कूळ चिकावरून आणि मोडण्यावरून निर्विवाद ठरविले आहे. त्याच ओकखाली ॲमॅनिटा फॅलॉइडीस हे प्राणघातक अळंबेही उगवते, आणि त्याच्या बाबतीत चूक दुरुस्त करण्याची संधी मिळेलच असे नाही. कूळ ठरल्यावर मात्र जाणकार कणभर तुकडा पुढच्या दातांनी चघळतो आणि थुंकतो. अळंब्याच्या अंगात तिखट पदार्थ तयार स्वरूपात नसतो. तो एका निरुपद्रवी, चवहीन रूपात साठविलेला असतो, आणि अंगाला जखम होताच काही सेकंदांत त्याचे रूपांतर जहाल द्रव्यात होते, हेतू हा, की चावणाऱ्या प्राण्याने दुसरा घास घेऊ नये. रूफस या पाइनवासी इसमाची चव तर प्रथम सौम्यच लागते, चाखणारा ‘सौम्य’ असे टिपण करण्यासाठी पेन्सिल उचलतो, आणि मग घशापर्यंत वणवा पेटतो. इंग्रज सभ्य गृहस्थ अशा प्रसंगी चेहऱ्यावरची रेषही न हलविता झाडामागे जाऊन थुंकून येतो आणि परत आल्यावर हवामानासंबंधी बोलतो. आता ‘तिखट’ हा शेरा कोणत्या जिभेने दिला, हा प्रश्न आम्हांस येथेही विचारावासा वाटतो. ज्या जिभेवर लहानपणी ठेच्याचे संस्कार झाले, तिला अर्धी पुस्तके निरुपयोगी होत. शिवाय हा शेरा देशपरत्वे पालटतो. टॉर्मिनोसस हे केसाळ काठाचे गुलाबी अळंबे कच्चे खाल्ल्यास पोटात भयंकर मुरडा उठतो, म्हणून इंग्रजी पुस्तकांनी त्यास विषारी ठरविले. फिनलंडात त्यालाच उकळून, पाणी फेकून, मिठात मुरवून कोशिंबीर करतात. एकाच इसमास एका सरकारने हद्दपार करावे आणि शेजारच्या सरकारने जेवावयास बोलवावे, असा हा प्रकार आहे.

या पोटशूळकर्त्याचा पुढे जो भाग्योदय झाला, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. 2008 साली आनुवंशिक तपासणीतून असे निष्पन्न झाले, की लॅक्टेरियस हे एक घराणे नसून त्यात वेगळ्या वंशाची मंडळी नांदत आहेत, आणि त्यांची वाटणी करणे प्राप्त आहे. वाटणी झाली असती, पण नावाचा मूळ मानकरी म्हणून जो मिरमिरीत पांढरा प्रकार दप्तरी नोंदलेला होता, तो नेमका उष्ण कटिबंधातील शाखेत निघाला. म्हणजे नियमाप्रमाणे घराण्याचे नाव तिकडे जाणार आणि उत्तरेकडील शेकडो प्रकारांना नवी नावे घ्यावी लागणार. तेव्हा 2010 साली शास्त्रज्ञांनी रीतसर अर्ज गुदरला, की मूळ मानकरी बदलावा. अर्ज मंजूर झाला, फेरफार नोंदला गेला, आणि लॅक्टेरियसचे वतन टॉर्मिनोससच्या नावे चढले. दुसऱ्या शाखेने लॅक्टिफ्लूअस हे नाव घेतले. रानातील अळंब्यांना या निकालाची प्रत मिळालेली नाही.

सूक्ष्मदर्शक हा शेवटचा उपाय. बीजाणूंवर मेल्झरचे द्रावण घातले की त्यांवरील चामखिळी आणि कंगोरे निळे-काळे उमटतात आणि त्यांच्या नक्षीवरून प्रकार ठरविता येतो. या द्रावणात आयोडीनबरोबर क्लोरल हायड्रेट लागते; ते पूर्वी झोपेचे औषध होते, आणि आता सहजासहजी मिळत नाही. एवढ्यावरून या मार्गाची सरळता कळावी.

वास्तविक यापैकी बहुतेक श्रम वाचविणारा एक साक्षीदार घटनास्थळी सदैव हजर असतो, आणि केवळ तो फार उंच असल्यामुळे जमिनीकडे पाहणाऱ्या पंचांच्या नजरेस पडत नाही. तो म्हणजे झाड. 1885 साली आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञाने झाडांची मुळे आणि अळंब्यांचे तंतू यांची भागीदारी उघडकीस आणली. प्रशियाच्या सरकारने त्याच्याकडे ट्रफल या महागड्या अळंब्याची लागवड करता येईल का, एवढीच विचारणा केली होती. सरकारला ट्रफलची शेती मिळाली नाही, जगाला मात्र अरण्यांचा अर्थव्यवहार समजला. दुधाळ अळंबी या व्यवहारात विलक्षण एकनिष्ठ असतात: क्वायटस ओकशी, टर्पिस नावाचे काळपट कुरूप अळंबे बर्चशी, पायरोगॅलस हेझलशी, डेटेरिमस स्प्रूसशी. जामीन सापडला की गुन्हेगार सापडतो. अडचण इतकीच, की एपिंगमध्ये ओक, बीच, बर्च आणि हॉर्नबीम एकमेकांत खांद्याला खांदा लावून उभे असतात, वाऱ्याने चौघांचाही पाचोळा एक होतो, आणि मुळे आपापल्या फांद्यांची हद्द ओलांडून दूरवर जातात. तरीही मान वर करून पाहणाऱ्याचे निदान, केवळ खाली पाहणाऱ्याच्या निदानापेक्षा पुष्कळदा खरे ठरते, आणि अनुभवी मंडळी परडीत अळंबे टाकताना त्यासोबत शेजारच्या झाडाचे पानही ठेवतात.

तेव्हा विलायतेत मुलाकडे किंवा लेकीकडे शरद ऋतूत मुक्कामास गेलेल्या, आणि दुपारच्या झोपेपलीकडे काही उद्योग नसलेल्या आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस एक विनंती आहे. गावच्या मंडळाच्या स्वारीत अवश्य सामील व्हावे. एक पांढरा रुमाल, एक भिंग आणि महाराष्ट्रात घडलेले एक नाक, एवढी सामग्री पुरे. मेथी, खोबरे आणि ढेकूण या तिन्ही विषयांत तेथे आपल्या तोडीचा तज्ज्ञ बहुधा नसेल. भाजीची पिशवी मात्र घरी ठेवावी. क्वायटस खाण्याजोगा आहे, असे काही पुस्तके म्हणतात. ज्याने तो वासावरून ओळखला, तो त्यांचे ऐकणार नाही.